सूर्यास्त लिहिलेली सकाळ

लंकाबाईला सही येत नव्हती, घड्याळ कळत नव्हतं, आणि साहेबापुढं गप्प बसणं तर मुळीच जमत नव्हतं. पहिल्या दोन गोष्टींचं कुणाला काही वाटलं नाही. तिसरीनं मात्र लई जणांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

जुन्नरच्या पश्चिमेला, जिथं एसटी माघारी वळते आणि पुढं पायच गाडी, तिथं टोपल्या नावाचा डोंगर आहे. नावाप्रमाणंच, पालथ्या टोपलीसारखा. कुठल्याही अंगानं बघा, सारखाच गोल. त्याच्या पूर्वेला, रस्त्याच्या बाजूला, अलीकडची वाडी. डोंगराची खिंड ओलांडून पश्चिमेला उतरलं की ओढ्याकाठी पलीकडची वाडी. अलीकडच्या वाडीतून बघितलं तर सूर्य टोपल्याच्या मागं मावळतो. पलीकडच्या वाडीतून बघितलं तर तो टोपल्याच्या मागून उगवायचा. 'उगवायचा' अशासाठी म्हटलं, की तिथून बघायला आता कुणी राहिलेलं नाही. तिथं पाणी आहे.

लंकाबाई ह्या पलीकडच्या वाडीची. तिच्या सासऱ्याला दोन मुलं, थोरला कुंडलिक आणि धाकटा भागू. वाटणी झाली तेव्हा कुंडलिक रस्त्याकडं राहिला आणि भागूच्या वाट्याला ओढ्याकाठची भातखाचरं आली. नवराबायकोनं कारवीच्या काठ्यांचा कूड उभा केला, शेणमातीनं लिंपला, वर गवताचं छप्पर चढवलं. शेजारी आणखी घरं होत होत पाच झाली. भागू स्वभावानं गरीब. बोलायचं खातं लंकाकडं दिलंय, असं तो म्हणायचा, आणि एवढं बोललं की त्याचा दिवसाचा कोटा संपायचा. लंकाबाईनं ते खातं इमानानं सांभाळलं. वाडीतल्या कुणावर अन्याय झाला की आधी ती कमरेला पदर खोचणार, मग विचारणार की झालं काय.

घड्याळ कळत नव्हतं म्हणजे वेळ कळत नव्हती, असं मात्र समजू नका. एकदा शेजारच्या रामदासची बायको, रत्ना, अवघडलेली. तिला जुन्नरला दवाखान्यात न्यायचं होतं. दोघी खिंड उतरून थांब्यावर येतात तो संध्याकाळची गाडी हललेली. लंकाबाई गाडीपुढं आडवी उभी राहिली. कंडक्टरनं खिडकीतून मनगट दाखवलं, गाडीची वेळ होऊन गेली म्हणून. लंकाबाईनं थांब्यावरच्या चिंचेकडं बोट केलं. चिंचेची पानं अजून ताठ उघडी आहेत, गाडी सुटायच्या टायमाला ती मिटायला लागतात, तुझ्या घड्याळाला तेवढी घरी जायची घाई झाली आहे, असं तिनं त्याला सगळ्या गाडीदेखत सुनावलं. ड्रायव्हरनं आपलं घड्याळ बघितलं. वेळेला चांगली पंधरा मिनिटं बाकी होती. रत्नाला बसायला जागा मिळाली आणि कंडक्टर जुन्नरपर्यंत तोंड पाडून तिकिटं फाडत राहिला.

तर अशी ही बाई. आणि हिला एका सरकारी साहेबानं भरल्या कचेरीत सांगितलं, की तुला सकाळ आणि संध्याकाळ कळत नाही. ते कसं, तेच सांगायचं आहे.

सुरुवात झाली एका फोटोपासून. साल एक्क्याण्णव, नवरात्राचे दिवस. पुण्याचा एक बँकेतला माणूस डोंगर हिंडायला आला आणि वाट चुकून तिन्हीसांजेला भागूच्या दारात उभा राहिला. लंकाबाईनं त्याला नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी वाढली, ओटीवर घोंगडं टाकून दिलं. सकाळी टोपल्याच्या मागून सूर्य अर्धा वर आला तेव्हा हा गडी उठला आणि सगळ्यांना म्हणाला, आहात तसेच थांबा. अंगणात दोन गाया, त्यांच्याजवळ भागू, दारात हंडा घेतलेली लंकाबाई, छपरावर चढलेला डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल आणि मागं डोंगर. काढला फोटो. दोन महिन्यांनी पोस्टानं तो कुंडलिकच्या पत्त्यावर आला. मागच्या बाजूला निळ्या शाईनं काहीतरी लिहिलेलं होतं. बिचाऱ्यानं खुशाली विचारली असेल, असं समजून लंकाबाईनं फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला. घरात वाचणारं कुणी नव्हतं. ज्याला वाचता येतं त्याच्याकडं तो घेऊन जावा, इतकं काही त्यात असेल असं तिला वाटलं नाही.

आता शाकारणीचं ऐका, कारण तिथंच घात झाला. गवताचं छप्पर पावसाळ्यानं कुजतं. दर वैशाखात ते उतरवायचं आणि नवं घालायचं. पलीकडच्या वाडीत हे काम सावडीनं चाले, म्हणजे आज तुझ्या घराला सगळ्यांचे हात, उद्या माझ्या घराला. पहिल्या दिवशी पाचही घरांचं जुनं गवत एकदम काढायचं, कारण भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला ते लागायचं. मग एकेक घर नव्यानं शाकारायचं. ते सहा-सात दिवस वाडीची घरं नुसत्या वाशांची, बरगड्या दिसणाऱ्या गुरासारखी. सगळी माणसं ओढ्याकाठच्या मोठ्या आंब्याखाली. तिथंच चुली, तिथंच निजणं. पोरांना तर तो सणच वाटे.

चौऱ्याण्णवच्या वैशाखात नेमका त्याच दिवसांत सर्वेवाला आला. खालच्या अंगाला सरकारी तलाव व्हायचा होता, पलीकडची वाडी त्यात जाणार होती. घरं मोजायची, कुटुंबांची नावं लिहायची आणि त्या यादीप्रमाणं पुढं माळावर प्लॉट द्यायचे, असं ठरलेलं. गडी भर उन्हात टोपल्याच्या खिंडीपर्यंत चढला, तिथं दगडावर बसला, घाम पुसला आणि खाली बघितलं. पाच उघडी वाशांची घरं. माणूस नाही, धूर नाही. माणसं आंब्याखाली होती, पण आंब्याखालचं खिंडीतून कुठलं दिसायला? त्यानं वरूनच लिहून टाकलं: पाच घरे, पडझड झालेली, वस्ती नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. करवंदं काढायला गेलेल्या वाडीतल्या साळुबाईनं त्याला खिंडीतून माघारी फिरताना आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण साळुबाईच्या डोळ्यांना सरकारदरबारी काय किंमत?

अरे, अर्धा तास उतरायचं होतं. अर्धाच तास. पाच कुटुंबांची घरं त्या अर्ध्या तासाच्या आळसात बुडाली, पाणी तर तीन वर्षांनी आलं.

वाडीची माणसं सर्वेवाल्याची वाटच बघत राहिली. यादी लागली ती तालुक्याला, कचेरीच्या भिंतीवर. तिथं जाऊन वाचायचं कुणी? सत्त्याण्णवला पाणी खाचरांत शिरलं तेव्हा ही मंडळी प्लॉट मागायला गेली, आणि तेव्हा त्यांना कळलं की आपण तिथं राहतच नव्हतो. चांगदेव आळेफाट्याला हॉटेलात भांडी घासायला गेला. रामदास आणि रत्ना नारायणगावकडं टोमॅटो तोडायला. गेणभाऊ वीटभट्टीवर. म्हातारी प्रयागबाई लेकीच्या दारात. चौघांनीही हात टेकले. भागू आणि लंकाबाईला कुंडलिकनं आपला अलीकडच्या वाडीतला शेळ्यांचा गोठा दिला. गोठा म्हणजे चार दगडी भिंती. वरचं छप्पर कधीच पडलेलं. कुंडलिकनं त्यावर पत्रे टाकून दिले, शेळ्या शेजारच्या झाडाखाली बांधल्या, आणि लंकाबाईचा संसार तिथं सुरू झाला. पहिला पाऊस झाला की भिंतीतून शेळ्यांचा वास यायचा. चार वर्षं तो वास तिच्या लुगड्याला होता.

ती मात्र अर्ज करत राहिली. एक नाही, दोन नाही, सहा अर्ज. घरपट्टीची पावती आणा म्हणाले. घरपट्टीच्या वहीत दोघा भावांचं मिळून कुंडलिकचंच नाव. साक्षीदार आणा म्हणाले, तर साक्षीदार पुन्हा वाडीचेच, ते एकमेकांचीच ओढणार, असं म्हणून तेही उडवून लावलं. शेवटी दोन हजार एक साली नवा साहेब आला आणि त्यानं विचारलं, काही फोटोबिटो आहे का घराचा? लंकाबाईला वाटलं, देव पावला. तिनं पदराखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली.

साहेबानं फोटो बघितला. हातातल्या हातात उलटा केला आणि शेजारी बसलेल्या कारकुनाकडं दिला. कारकून भरत नावाचा, अवसरी बुद्रुकचा शेतकऱ्याचा मुलगा. त्यानं मागची निळी अक्षरं मोठ्यानं वाचली: 'रम्य सूर्यास्त. पाहुणचाराबद्दल आभार.'

दहा वर्षं फोटो घरात, आणि त्यावर काय लिहिलंय ते तिला असं कळलं. त्या बँकवाल्यानं पुण्यात बसून पन्नास फोटोंच्या मागं एका दमात लिहिलं असेल. लाल सूर्य दिसला, ठोकला सूर्यास्त. शहरातल्या माणसाला उगवतीचा सूर्य दिसतो कधी, की त्याला तो ओळखू यावा?

साहेब हुशार होता, हे कबूल करायला पाहिजे. त्यानं नकाशा पुढं ओढला आणि पेन्सिलीनं दाखवलं. हा टोपल्या डोंगर. सूर्य त्याच्यामागं मावळताना दिसतो तो फक्त अलीकडच्या वाडीतून, आणि उगवताना दिसतो तो फक्त पलीकडच्या वाडीतून. फोटोत सूर्यास्त आहे. म्हणजे हे घर अलीकडच्या वाडीतलं, तुमच्या दिराचं, जे बुडालेलंच नाही. मग त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"बाई, दुसऱ्याच्या घरापुढं उभं राहून फोटो काढायचा आणि सरकारला फसवायचं, हे बरं नाही," तो म्हणाला.

ती सकाळ आहे, असं लंकाबाई पुन्हा पुन्हा सांगत राहिली. साहेब म्हणाला, लिहिलेलं काय आणि तुम्ही सांगता काय, सकाळ-संध्याकाळ तरी कळते का तुम्हाला? मागं बाकावर बसलेली चार माणसं हसली. पुढच्या तारखेला पुरावा असेल तर या, नाहीतर प्रकरण बंद करतो, असं सांगून त्यानं दुसऱ्याला हाक मारली.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती लंकाबाईची पार डोक्यातून बाहेर पडली. घर बुडालं, खाचरं बुडाली, त्याचं दुःख होतंच. पण हे फसवणं? जिनं आयुष्यात कुणाच्या बांधावरची काडी उचलली नाही, तिला फसवी म्हणायचं, ते कुणी, तर ज्यांच्या माणसानं खिंडीत बसून पाच घरं खोडली त्यांनी! चोराच्या उलट्या बोंबा. घरी आल्यावर भागू म्हणाला, जाऊ दे, पत्र्याखाली का होईना निवारा आहे. त्या दिवशी लंकाबाईनं नवऱ्याला पहिल्यांदाच गप्प बस म्हटलं. तो आधीच गप्प होता, तरी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती फोटो घेऊन उन्हात बसली. आजवर तिनं त्यात माणसं तेवढी बघितली होती. भागू किती तरणा दिसतो, आपल्या हातात बांगड्या किती, ह्याच्यापुढं नजर गेली नव्हती. आता तिनं माणसं सोडून बाकीचं बघायला घेतलं. गवत बघितलं, गाया बघितल्या, छप्पर बघितलं. एका पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवून ती कितीतरी वेळ बसून राहिली. मग फोटो पिशवीत घातला आणि तारखेचे दिवस मोजायला लागली.

तारीख भाद्रपदात आली. लंकाबाई साहेबापुढं उभी राहिली. पुरावा आणलाय का विचारल्यावर तिनं तोच फोटो टेबलावर ठेवला. साहेबानं कपाळाला आठी घातली. लंकाबाई म्हणाली, मागचं नका वाचू, पुढचं वाचा. आणि तिनं बोट ठेवून एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली.

आधी गाया. गाईच्या मागच्या फऱ्याच्या पुढं, कुशीत, खळगा असतो. रात्रभर दावणीला असलेल्या जनावराचा तो खळगा आत गेलेला असतो. दिवसभर चरून आलेल्या जनावराचा भरून येतो. नवरात्रात डोंगरात गवत एवढं असतं की संध्याकाळी गाय नुसती डेरेदार होऊन घरी येते. फोटोतल्या दोन्ही गायांच्या कुशीत मूठ मावेल एवढा खळगा होता. मग गवत. अंगणाच्या कडेचं गवत फोटोत पांढुरकं, चांदीच्या पाण्यासारखं दिसत होतं, आणि त्यातून दावणीपासून अंगणापर्यंत एक काळपट पट्टा आला होता. ते दवातून गाया चालल्याची वाट. साहेब म्हणाला, सावली असेल. लंकाबाई म्हणाली, सूर्य समोर हाय तर सावल्या सगळ्या आपल्याकडं आल्यात, भागूची बघा, कुडाची बघा. हा पट्टा तेवढा आडवा कसा? दिवसभर तापलेल्या गवतावर सूर्य मावळायच्या आत एवढं दव कुठलं?

मागच्या बाकावर यावेळी कुणी हसलं नाही.

शेवटी तिनं छपरावर बोट ठेवलं. वेलावर ओंजळीएवढी पिवळी फुलं, सगळी तोंड वासून उघडी. साहेबानं लगेच पकडलं. पिवळी फुलं दोडक्याची असतील, दोडका तर संध्याकाळीच फुलतो, एवढं मलाही माहीत आहे, असं तो म्हणाला. आता मात्र भरतला राहवलं नाही. त्याच्या अवसरीच्या घरी परड्यात दोन्ही वेल होते. तो खाली मान घालून, पण ठाम बोलला.

"साहेब, दोडक्याचं फूल रुपयाएवढं असतंय. हे डांगराचं हाय. हे पहाटं उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. संध्याकाळी डांगराचं फूल उघडं कुणी बघितलेलं नाय."

साहेबाला कारकुनाचं तोंड उघडणं आवडलं नाही. खुर्चीतला माणूस हरायला लागला की कागदाच्या मागं लपतो, तसंच झालं. ठीक आहे, म्हणाला, पण तुमच्या फुलांवर सरकार चालत नाही. आमच्या फायलीत पाहणीच्या वेळचा फोटो आहे. आमचा माणूस पलीकडच्या वाडीत स्वतः गेला होता, सकाळी सात वाजता, आणि त्यानं तिथल्या पडक्या घराचा फोटो काढला आहे. त्यानं फाईल उघडून लंकाबाईपुढं सरकवली. पिवळ्या पडलेल्या कागदाला टाचलेला फोटो होता. छप्पर नसलेल्या दगडी भिंती, मागं टोपल्या डोंगर, डोंगराच्या माथ्यावर टेकलेला लाल सूर्य.

लंकाबाई त्या फोटोकडं बघतच राहिली.

पलीकडच्या वाडीत दगडी भिंत नव्हतीच. पाचही घरं कारवीच्या कुडाची. आणि ह्या भिंतीचा दगड न् दगड तिला पाठ होता, कारण चार वर्षं ती त्याच भिंतींच्या आत निजत होती. तो कुंडलिकचा शेळ्यांचा गोठा होता, पत्रे टाकायच्या आधीचा. सर्वेवाला खिंडीतून माघारी आला, फायलीला फोटो पाहिजे म्हणून त्यानं रस्त्याकडचा पडका गोठा टिपला, आणि हेच पलीकडच्या वाडीतलं पडकं घर म्हणून लावून दिलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. ज्या गोठ्यात तिला राहावं लागलं, त्याच गोठ्यानं तिचं घर खोडलं होतं.

तिनं भरतला जवळ बोलावलं आणि फोटोत भिंतीशेजारचं झाड दाखवलं. त्याच्या फांदीवर चार कोंबड्या ओळीनं बसलेल्या. सूर्य वर आला तरी फांदीवर बसून राहील अशी कोंबडी कुणी बघितली आहे का? झुंजुमुंजू झालं की त्या खाली उकिरड्यावर. सूर्य असताना कोंबडी झाडावर दिसली, तर ती निजायला चढलेली. भिंतीपाशी शेळ्या उभ्या, पोटं दोन्ही अंगांनी फुगलेली, वैशाखातसुद्धा पाला खाऊन तट्ट झालेली. भरतनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि मान हलवली. ही सकाळ नव्हती.

"साहेब, तुमीच सांगितलं व्हतं," लंकाबाई म्हणाली. "टोपल्यामागं सूर्य मावळतो तो अलीकडच्या वाडीतनं. ही सांज हाय. म्हंजी तुमचा माणूस डोंगर वलांडून आलाच न्हाई. खोटं वाटत आसंल तर गाडी काढा, आत्ता चला. भिंत अजून तिथंच हाय. मी तिच्या आत ऱ्हाते."

हातच्या कांकणाला आरसा कशाला? साहेबानं गाडी काढली नाही. त्यानं पेन्सिलीनं स्वतःच दाखवलेला नकाशा बघितला, दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढून पुसला. मग भरतला दार लोटून घ्यायला सांगितलं. बाकावरची माणसं बाहेर गेली. साहेबाचा आवाज एकदम मऊ झाला. आता बाईच्या जागी लंकाबाई आलं, आणि तुम्ही पाण्याचा पेला घ्या, असंही आलं.

तो म्हणाला, तुमचं घर सिद्ध झालं, आजच्या आज नाव घालतो. फक्त ह्या फायलीतल्या फोटोचं बाहेर बोलू नका. जुनी गोष्ट आहे, तो माणूस आता वरच्या जागेवर आहे, उगीच सगळी यादी उघडावी लागेल.

त्यानं कोरा फॉर्म काढला, भरतनं भागूचं आणि तिचं नाव लिहिलं, आणि निळ्या शाईचा पॅड पुढं आला. लंकाबाईनं अंगठा पॅडवर दाबला. कागदाकडं नेला, आणि तिथंच थांबली. बाकीच्या चार घरांचं काय, असं तिनं विचारलं.

साहेब म्हणाला, त्यांचे अर्जच नाहीत. त्यांनी तक्रार केलेली नाही. ज्यानं मागितलंच नाही त्याला सरकार कसं देणार? आपलं झालं ना, मग दुसऱ्याचं कशाला, असंही तो म्हणाला, आणि वाईट हेतूनं म्हणाला असंही नाही. असं म्हणायची त्याला सवय होती, बस.

मी पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला हुरहूर नको. प्लॉट मिळाले, पण दोन वर्षांनी. त्या सर्वेवाल्याला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. तो हार-नारळ घेऊन रिटायर झाला. ज्याचा राग यायला पाहिजे त्याच्या केसालाही धक्का लागत नाही, हे आमच्याकडं नवीन नाही. पण त्या दुपारी त्या बंद दाराच्या आत जे झालं, ते भरतनं मला स्वतः सांगितलं.

लंकाबाईचा शाईनं भिजलेला अंगठा कागदाच्या वर तसाच होता. तिचा आवाज चढला नाही. कचेरीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती हळू बोलली.

"त्यांनी अर्ज केला न्हाई, कारण त्यांच्याकडं फोटो नव्हता. आमच्या दारात एक पावणा वाट चुकला म्हणून माझं घर व्हतं, आन त्यांच्या दारात कुणी चुकलं न्हाई म्हणून त्यांचं नव्हतं? साहेब, घरं तर पाच व्हती. एकाचं लिहायचं आसंल तर नका लिहू."

आणि तिनं अंगठा लुगड्याला पुसला. नव्या लुगड्याला, तारखेसाठी नेसलेल्या. निळा डाग चांगला तळहाताएवढा पसरला.

साहेबानं फाईल मिटली, पुन्हा उघडली. मग लिहिलेला फॉर्म बाजूला सारून कोरा कागद घेतला, भरतच्या हातातलं पेन स्वतः घेतलं, आणि पहिलं नाव विचारलं.

लंकाबाईनं प्रयागबाईचं सांगितलं, कारण ती म्हातारी होती आणि तिला थांबायला वेळ नव्हता. मग गेणभाऊचं. मग चांगदेवचं. मग रामदासचं, आणि त्याच्याबरोबर रत्नाचंही लिहा म्हणाली. साहेब लिहीत गेला. पाचवं कुणाचं, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं भागूचं आणि आपलं नाव सांगितलं.